चंद्राबाईचं परकं पोर

"सकिनाबीऽऽ! तुमचं पोर पडलं वोऽऽ!"

गुंजवण्यात आमच्या आळीला ही आरोळी दिवसातून चार-पाच वेळा ऐकू यायची. आरोळी चंद्राबाईची. सकिनाबी म्हणजे माझी आई, गावच्या मुलाण्याची बायको. आणि पोर म्हणजे केरू, वय अडीच, चंद्राबाईच्याच पोटचा. पोर तिच्याच दारात, तिच्याच पायापाशी पडलेलं असायचं आणि आमचं घर तिथून पाच घरं खाली. तरी चंद्राबाई वाकायची नाही. दोन्ही हातांनी पडवीचा खांब धरून ओरडत राहायची. मग आई हातातलं टाकून, गुडघे धरत, "आले गं बाय, आले" करत चढण चढायची, पोराला खालीवर बघायची आणि म्हणायची, "उचल गं चंद्रा. माज्या वतीनं उचल." तेव्हा कुठं चंद्राबाई खांब सोडायची.

परगावच्या माणसाला हे वेड वाटेल. आमच्या आळीत कुणाला वाटत नव्हतं.

चंद्राबाईची पहिली दोन गेली होती. मुलगी अकरा महिन्यांची होऊन तापात, आणि तिच्या पाठचा मुलगा दात येता येता. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिची सासू धोंडाबाई वेल्ह्याच्या एका देवऋष्याकडं जाऊन आली. तो म्हणाला, "घरावं नजर हाय. ज्ये तुमी आपलं म्हनाल, त्ये जाईल." उपाय जुनाच होता. मूल झालं की सुपात घालून उकिरड्यावर टाकायचं आणि परक्या घरच्या बाईनं ते उचलून न्यायचं. मरण शोधत आलं तर त्याला चंद्राबाईच्या घरात चंद्राबाईचं पोर सापडता कामा नये. म्हणून तर नाव केरू. केरात सापडलेला.

परकं घर म्हणून धोंडाबाईनं आमचं निवडलं. ती कुठलंही वाक्य सुरू करण्याआधी नाकातून वारा सोडायची. आईला म्हणाली, "हंऽ, मुलान्याच्या घरात ती अवदसा कशाला येती इचारायला? तिला वाटंल तुमचंच हाय."

आईनं केरूला उचललं त्या सकाळी मी बरोबर होते. तिला आधीच पढवून ठेवलं होतं, की अचानक दिसल्यासारखं करायचं. पण नवल वाटून घेणं आईला जन्मात जमलेलं नाही. ती शेणाची पाटी टाकायला निघाल्यासारखी गेली, सुपाजवळ थांबली आणि बाजारातल्या सामानाची यादी म्हणावी तशी म्हणाली, "आगं बया. कुनाचं पोर पडलंय हितं. कुनाचंच न्हाई वाटतं. मग म्या नेते." कुडाच्या आड चंद्राबाई उभी होती, पाच दिवसांची बाळंतीण, तोंडात पदराचा बोळा कोंबून. सुपातलं पोर रडत होतं आणि तिच्या चोळीवर दुधाचे डाग पसरत होते.

दुपारी आईनं पोर तिच्याकडं "सांभाळायला" दिलं. पाच वर्षं पुरी होईस्तोवर चंद्राबाईनं त्याला आपलं म्हणायचं नाही, त्यानं तिला आई म्हणायचं नाही, आणि पडलं-झडलं, दुखलं-खुपलं तर मुलाणीनं सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, असं ठरलं. दूधसुद्धा आई सकाळी जाऊन "पाज गं आजच्या दिसाचं" म्हणाली की मगच.

चंद्राबाईनं हे सगळं पाळलं. नुसतं पाळलं नाही, ती त्यातच राहायला गेली. केरू खदखदून हसला की ती घराच्या चारी कोपऱ्यांकडं वळून मोठ्यानं सांगायची, "माजं न्हाई बरं का. मुलान्याचं हाय. म्या नुस्ती संबाळतीया." तिन्हीसांजेला दिवा लावून झाला की रिकाम्या माजघरालाही तेच सांगायची. एकदा मी ताक मागायला गेले होते. ती पाठमोरी उभी राहून अंधाऱ्या कोनाड्याशी बोलत होती, आणि बोलून झाल्यावर जरा थांबली. समोरच्याचं ऐकून घेताना माणूस थांबतं ना, तसं. मी ताक न घेताच परत आले.

आणि नशीब असं, की एवढं जपून ठेवायचं पोर निघालं कसं, तर दिसेल त्याच्यात डोकं घालणारं!

केरूला बोलायला यायला लागलं तेव्हा पहिला शब्द "आत" असा आला, आणि त्यानंतर सगळं आयुष्य त्याला एकच पडलेलं. "आत काय हाय?" कोंबडीच्या मागं तो सकाळभर उकिडवा बसायचा, तिचं शेपूट वर करून डोकावायचा. कोंबडी उठून दुसरीकडं बसली की हाही उठून दुसरीकडं. जात्याच्या तोंडात काय जातं आणि कुठून निघतं हे कळावं म्हणून त्यानं आजीच्या मिश्रीची अख्खी डबी त्यात ओतली. पहाटे चंद्राबाईनं वरून नाचणी दळली. त्या भाकरीनं केरूचा बाप कोंडिबा दुपारपर्यंत उचक्या देत बांधावर बसून होता, आणि धोंडाबाई म्हणत होती, "हंऽ, भाकर आज लई चवदार झालीया गं."

एकदा त्यानं हरभरा नाकात घातला. झालं, "सकिनाबीऽऽ! तुमच्या पोराच्या नाकात हरबरा गेलाऽऽ!" आई अर्ध्या वाटेवर. पोराचं नाक जांभळं. आई तिथूनच ओरडतेय, "शिंकव! शिंकव त्याला!" चंद्राबाई विचारतेय, "म्या शिंकवू?" "आगं तूच शिंकव!" "तुमच्या वतीनं?" "माज्या वतीनं, माज्या खानदानाच्या वतीनं शिंकव बाई!" मग चंद्राबाईनं मिरचीची धुरी दिली, हरभरा बंदुकीच्या गोळीसारखा सुटला आणि धोंडाबाईच्या कपाळावर लागला. आळी हसून हसून लोळली. चंद्राबाई हसली नाही. ती पोराचं नाक पुसत कोपऱ्यांना सांगत होती, "माजं न्हाई."

पण सगळंच हसण्यासारखं नसायचं. एका दुपारी बाबांनी धार लावून वळचणीला खोचलेला मोठा सुरा केरूनं बाजेवर चढून काढला आणि मुठीला धरून फरफटवत आळीतून निघाला. आधी आमच्या शेळीला विचारलं, "आत काय हाय?" मग कुत्र्याला विचारलं. मग ओट्यावर झोपलेल्या एका म्हाताऱ्याच्या पोटाकडं बराच वेळ बघत उभा राहिला. त्याच्यामागं दहा पावलांवर चंद्राबाई चालत होती, चालतच होती, कारण केरूच्या मागं धावलं की केरूला तो खेळ वाटायचा आणि तो हसत पुढं पळायचा. सुऱ्यासकट पळाला असता. शेवटी बाबांनीच समोरून येऊन, "अरे वा, आणलास का माझा सुरा," म्हणत हात पुढं केला आणि केरूनं तो शहाण्यासारखा दिला.

त्या दिवसानंतर चंद्राबाईनं भीती घालायला सुरुवात केली. धावता येत नाही, मारता येत नाही, कारण परकं पोर. मग उरते भीतीच. विहिरीत बागुलबुवा. गोठ्याच्या माळ्यावर गोसावी. आणि गावाखाली नदीला खोल डोह आहे, तिथं आसरा, पाण्यातल्या देवता, राहतात म्हणून बायका एकट्यादुकट्या जात नाहीत. त्या डोहाबद्दल ती त्याला रोज सांगायची, "तिकडं जायाचं न्हाई हां. तिथं पान्यात बाई बसलीया. पोरं न्हेती ती."

"कसी न्हेती?"

"हात धरती आन् न्हेती."

"कुठं?"

यावर चंद्राबाई उठून जायची.

दुसरा प्रश्न त्याला आळीनं दिला. परक्या पोराची गंमत सगळ्यांनाच. येता-जाता बायका विचारायच्या, "केरू, तुजी आय कुठं रं?" केरू शिकवल्याप्रमाणं आमच्या घराकडं बोट करायचा. पण आमच्या घरी आला की आई त्याला गूळ द्यायची आणि संध्याकाळी परत पाठवायची. तिथं गेला की चंद्राबाईला तो इतर सगळ्यांसारखं "चंदाबाय" म्हणायचा. रात्री तिच्याच कुशीत झोपायचा आणि सकाळी उठून म्हणायचा, "चंदाबाय, भाकल." एकदा त्यानं तिला सरळच विचारलं, "माजी आय कंची?" चंद्राबाई कोपऱ्याकडं बघत म्हणाली, "म्या न्हाई."

हे मी ऐकलं, आणि माझ्या नकलांच्या खोडीनं घरी येऊन "म्या न्हाई" हे तिच्या आवाजात म्हणून दाखवलं. आई हसेल असं वाटलं होतं. आईनं हातातली पळी खाली ठेवली आणि परत तसं कधी बोलायचं नाही म्हणून बजावलं.

छत्तीस सालचा मार्गशीर्ष. भाताची झोडणी चालू होती. सगळी आळी खळ्यावर, कोंडिबा पेंढ्या आपटतोय, चंद्राबाई सुपानं वारा देतेय. सकाळी खळ्याकडं जाताना केरू माझ्या पाठुंगळीला होता. त्यानं कानात विचारलं, "खुल्शा, दोहातली बाई पोलं कशाला न्हेती?"

मी खुर्शिदा, पण त्याला तेवढंच जमायचं. मला घाई होती. मी म्हटलं, "तिचीच असतील. म्हणून नेत असेल."

तो गप्प झाला. केरू गप्प झाला म्हणजे काहीतरी उघडून बघायला निघालाय, हे मला कळायला हवं होतं.

दुपारी चंद्राबाईनं वारा द्यायचं थांबवलं. "लई येळ झाला, कायच आवाज न्हाई," ती म्हणाली. केरूला धोंडाबाईजवळ पेंढ्यावर बसवलं होतं. धोंडाबाई तोंड उघडं टाकून झोपली होती आणि तिच्या शेजारी पेंढ्यात बुडाएवढा खड्डा होता. कोंबड्यांच्या खुराड्यात बघितलं. कणगीत बघितलं. उकिरड्यावर बघितलं. कोंडिबा विहिरीकडं धावला. आईनं मला विचारलं, "सकाळी तुज्यासंगं होता. काय म्हनत होता?"

मी सांगितलं.

चंद्राबाईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं सूप टाकलं आणि ती नदीच्या वाटेला लागली. मी तिच्यामागं, आणि आई गुडघे धरत लांब मागं.

डोहाच्या वरच्या अंगाला एक मोठा उतरता खडक आहे, पाण्यात घुसलेला. पाण्यालगत त्याच्यावर हिरवं शेवाळ. केरू त्या शेवाळाच्या काठावर पालथा पडला होता आणि डोकं पुढं काढून पाण्यात बघत होता. एक पाय शेवाळावर घसरत होता, तो परत वर ओढून घेत होता. डोहावर अजून सकाळचं धुकं अडकल्यासारखं पांढरट काहीतरी होतं. आणि तो हाका मारत होता, अगदी शेजारच्या घरी मारावी तशी. "बाई! ए बाई! भाईल ये की!"

चंद्राबाई दहा पावलांवर थांबली. धावली तर तो पळणार, आणि पळायला पुढं पाणीच होतं. तिनं मागं बघितलं. आई अजून वाटेवरच्या करंजाच्या झाडापाशीच पोचली होती, छातीवर हात ठेवून उभी. तिथून आवाज येणार नव्हता, आला असता तरी उशीर झाला असता.

"केरू," चंद्राबाई म्हणाली. शेजारणीच्याच आवाजात. "चल बाबा. सकिनाबी बलावती."

"न्हाई."

"गूळ देनार हाय."

"नगं. म्या आयकडं चाललो." त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. "माजी आय हितं हाय. पोलं न्हेती ती. मला न्हेनाल."

"केरू, आरं तिथं कोन न्हाई."

"तूच म्हनली हाय."

तिच्याच दोन खोट्या गोष्टी त्यानं एकमेकींना जोडल्या होत्या, आणि जोड कुठं उसवत नव्हती. पाय पुन्हा घसरला. या वेळी गुडघाही घसरला. पाण्यावर एक वर्तुळ उठलं.

"केरू," चंद्राबाई म्हणाली, आणि हे ती इतक्या हळू म्हणाली की मला ओठांवरून कळलं, "म्या तुजी आय हाय."

म्हणाल्याबरोबर तिनं मान आवळून घेतली, वरून काहीतरी पडणार असल्यासारखी.

केरूनं आता वळून बघितलं. नीट निरखून बघितलं. मग मान हलवली. "न्हाई. तू चंदाबाय."

"न्हाई रं, खरंच हाय."

"खोतं. तू म्हनली, म्या न्हाई."

आणि तो परत पाण्याकडं वळला.

चंद्राबाई खाली बसली. खडकावरच, मांडी घालून, भाकरी थापायला बसावी तशी. तिचा आवाज बदलला. मी कितीतरी आवाज काढलेत, पण तो आवाज मला काढता येत नाही, आणि काढावासाही वाटत नाही.

"ती बाई पान्यात न्हाई," ती म्हणाली. "ती मगाच भाईर आली."

केरू थांबला. "कुठं हाय?"

"हितं हाय. म्याच ती."

"तू?" तो उठून बसला. "पोलं न्हेती, ती?"

"व्हय."

"किती न्हेली?"

"दोन."

आळीत पाठीमागं तिला काय म्हणत ते मला माहीत होतं. धोंडाबाई तर तोंडावरच म्हणायची, "हंऽ, दोन खाल्लीस, आता तिसरं बघतीस." तेच ती आज स्वतः म्हणत होती, अडीच वर्षांच्या पोरापुढं, डोहाच्या काठावर.

केरूनं विचार केला. त्याच्या कपाळाला आठी पडलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. मग तो चारी हातापायांवर खडक चढून वर आला, तिच्यापुढं उभा राहिला आणि त्यानं हात पुढं केला.

"मग मला न्हे."

चंद्राबाईनं हात धरला. कुणाला विचारलं नाही. त्याला असा उचलला की त्याचं डोकं तिच्या गळ्यात रुतलं, आणि ती डोहाकडं पाठ करून चालायला लागली. करंजापाशी आई म्हणाली, "उच..." आणि पुढचं गिळून टाकलं.

आळीत शिरल्यावर केरूनं तिच्या खांद्यावरून सगळ्यांना सांगितलं. "चंदाबायच ती बाई हाय! पोलं न्हेनाली! माजी आय हाय ती!" तो इतका खूश होता की टाळ्या वाजवत होता. बायका दारात उभ्या राहिल्या. कुणी हसलं नाही. धोंडाबाईला सगळं कळलं तेव्हा तिचा "हंऽ" निघालाच नाही. ती कपाळ बडवत म्हणाली, "बोल्लीस? आपल्या तोंडानं बोल्लीस? आता गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडाबाईनं सूप काढलं. म्हणणं असं, की अजून वेळ गेलेली नाही, परत टाकू, परत मुलाणीनं उचलावं, सुरुवातीपासून. आईनं चंद्राबाईकडं बघितलं. चंद्राबाईच्या डोळ्यांना रात्रभराची जाग होती. ती कोंडिबाबरोबर आळीपाळीनं पोराच्या नाकाशी बोट धरून बसली होती. ती उठून कुडाआड जाऊन उभी राहिली.

तर केरूला उकिरड्यावर सुपात बसवलं. आता तो सुपात मावत नव्हता, पाय बाहेर. त्याला हे सगळं फार आवडलं. आई आली, थांबली आणि तिचं पाठ म्हणायला लागली. "आगं बया. कुनाचं पोर पडलंय हितं."

"चंदाबायचं," केरू म्हणाला.

आई अडली. धोंडाबाईनं मागून खूण केली, पुढं म्हण. "कुनाचंच न्हाई वाटतं," आई म्हणाली.

"आगं चंदाबायचं!" केरू ओरडला. आईला ऐकू येत नाही असं त्याला वाटलं असावं. "ती काय, तितं उभी हाय!"

कुडाआडून चंद्राबाई बाहेर आली. धोंडाबाई आडवी झाली. "तू हात लावू नगंस! बघ, म्या सांगती, पुन्यांदा तुज्या हातानं..."

"आत्याबाई," चंद्राबाई म्हणाली, "परकं म्हनून तरी कुठं वाचत हुतं त्ये? परकं म्हनूनच डोहाव गेलतं." आणि सुपात हात घालून तिनं पोर उचललं.

त्यानंतर ती रोज वाट बघायची. पोर शिंकलं की तिचा हात थांबायचा. ताप आहे का म्हणून दिवसातून वीसदा कपाळ. पण कोपऱ्यांना सांगणं तिनं बंद केलं, आणि मला वाटतं तेच तिला सगळ्यात जड गेलं असावं. तिन्हीसांजेला दिवा लावून ती माजघराकडं तोंड करून उभी राहायची, ओठ उघडायची आणि मिटून घ्यायची.

आठेक दिवसांनी आम्ही तिच्या खाचराच्या बांधावर गवत कापत होतो. केरू तिच्या पदराला धरून होता. त्यानं विचारलं, "आय, तू दोन पोलं न्हेली ना?"

चंद्राबाईचा विळा थांबला.

"कुठं ठिवलीस?"

आईनं माझा हात दाबला. त्या दोघांची नावं चंद्राबाईच्या घरात कुणी घेत नसे. धोंडाबाईनं घेऊ दिली नव्हती. मलाही त्या दिवसापर्यंत ती माहीत नव्हती.

चंद्राबाईनं विळा गवतात ठेवला. त्याचं बोट धरून ती बांधाच्या टोकाला गेली, तिथं करवंदीच्या जाळीखाली दोन चपटे दगड आहेत, मातीत निम्मे बुडालेले. ती म्हणाली, "ही भिमा. आन् ह्यो सावळाराम."

मला वाटलं केरू दगड उचलणार. त्यानं उचलला नाही. तो खाली पालथा पडला, एका दगडाला कान लावला, मग दुसऱ्याला. मधेच हसला.

चंद्राबाईनं त्याच्यासमोर बसून विचारलं, अगदी घाबरत, "काय करत्यात रं?"

"निजली," केरू म्हणाला आणि ओठावर बोट ठेवलं. "गप."

ऊन बांधावरून खाचरात उतरलं तरी दोघं तशीच होती. आईनं गवताचा भारा बांधून त्यांना दोनदा हाक मारली. दोघांपैकी कुणीच ओ दिली नाही.